वेरूळ ते कोयासान : मित्रमंडळींच्या जपान प्रवासाची पूर्वतयारी

मित्रमंडळींच्या बैठकीत परदेश प्रवासाचा विषय निघाला की दुबई, सिंगापूर, बँकॉक ही नावे आधी पुढे येतात. जपानचे नाव निघाले तरी बुलेट ट्रेन, फुजी पर्वत आणि टोकियोची झगमगाट एवढ्यावरच चर्चा थांबते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील प्रवाशासाठी मात्र जपानमधील एक डोंगरी गाव वेगळ्या अर्थाने जवळचे आहे. ते गाव म्हणजे वाकायामा प्रांतातील कोयासान. ओसाकाच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे शिंगोन बौद्ध पंथाचे मुख्य पीठ आहे. गावात शंभराहून अधिक मंदिरे असून त्यांपैकी जवळपास निम्म्या मंदिरांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. यजमान भिक्षू असतात, जेवण पूर्ण शाकाहारी असते आणि सकाळी पूजेला उपस्थित राहता येते. अनोळखी संस्कृती जवळून अनुभवण्याची अशी संधी क्वचितच मिळते. परंतु पूर्वतयारीशिवाय गेलेल्या गटाला येथे अवघडल्यासारखे होते आणि यजमानांनाही त्याचा त्रास होतो. ही तयारी कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

संबंध जुना आणि नवा

कोयासानची स्थापना करणारे भिक्षू कूकाई स्वतःही परदेशी गेलेले विद्यार्थी होते. ८०४ मध्ये ते जहाजाने चीनला गेले. दीर्घ मुक्कामाच्या तयारीने गेलेले कूकाई चांगआन नगरीत आचार्य हुइगुओ यांच्याकडून मंत्रयानाची दीक्षा घेऊन ८०६ मध्येच परतले. तेथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडून ते संस्कृतही शिकले. ज्या गुरुपरंपरेत त्यांना दीक्षा मिळाली, त्या परंपरेतील वज्रबोधी हे आचार्य भारतातून चीनला गेले होते. ८१६ मध्ये सम्राट सागा यांनी कूकाईंना कोयासानचा डोंगर दिला. मृत्यूनंतर त्यांना कोबो दाइशी ही पदवी मिळाली आणि आजही जपानी माणूस त्यांना त्याच नावाने ओळखतो.

या घडामोडींच्या आगेमागेच, सातव्या-आठव्या शतकांत, वेरूळची बौद्ध लेणी कोरली जात होती. लेणे क्रमांक १२, म्हणजे तीन ताल, येथे मध्यभागी बुद्ध आणि सभोवती आठ बोधिसत्त्व अशी नऊ चौकोनांची शिल्पे आहेत. मंडलाची ही कल्पना भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचली. कोयासानच्या मंदिरांत आज गर्भधातू आणि वज्रधातू ही दोन मंडले समोरासमोर टांगलेली दिसतात. वेरूळला ती दगडात आहे, तेथे रेशमावर आणि कागदावर. मूळ विचार एकाच घराण्यातला आहे.

अजिंठ्याचा धागा चित्रकलेचा आहे. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या टोकियोत ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या कांतो भूकंपात नष्ट झाल्या. याच अराईंनी पुढे नाराजवळील होऱ्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम केले. त्या चित्रांतील बोधिसत्त्वांची तुलना अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणीशी नेहमी केली जाते. २६ जानेवारी १९४९ रोजी होऱ्यूजीच्या मुख्य सभागृहाला आग लागली आणि तीही चित्रे होरपळली. जपानने दुसऱ्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. भारताचा प्रजासत्ताक दिन असलेली २६ जानेवारी जपानमध्ये वारशाचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून पाळली जाते.

अलीकडचा संबंध शासकीय आहे. अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पाला १९९२ पासून दोन टप्प्यांत जपानचे कर्ज मिळाले. २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ज्या शहरात आहे, तेथून जाणाऱ्या प्रवाशाला या पुतळ्यापाशी आपले गाव भेटल्यासारखे वाटल्यास नवल नाही.

तयारीचा पहिला टप्पा शहरातच

परदेशी संस्कृती समजून घेण्यासाठी आधी आपल्या घराजवळचे पाहून घेणे उपयोगी ठरते. निघण्यापूर्वी संपूर्ण गटाने एक दिवस वेरूळला (मंगळवारी बंद) आणि एक दिवस अजिंठ्याला (सोमवारी बंद) द्यावा. वेरूळला कैलासाकडे धाव न घेता लेणे क्रमांक १० ते १२ सावकाश पाहावीत. बीबी का मकबऱ्याच्या मागील डोंगरातील औरंगाबाद लेणीही चुकवू नयेत. तेथील लेणे क्रमांक ७ मध्ये अवलोकितेश्वर आणि त्याचा धावा करणारे संकटग्रस्त लोक कोरले आहेत. आग, चोर, हत्ती, सर्प, बुडणारी नाव अशा आठ भयांतून तो तारतो, अशी श्रद्धा होती. व्यापारी आणि वाटसरूंचा हा रक्षणकर्ता जपानमध्ये कान्नोन या नावाने घरोघरी पूजला जातो.

इतर देवताही ओळखीच्या निघतात. सरस्वती तेथे बेन्झाइतेन आहे, गणेश कांगितेन, वैश्रवण कुबेर बिशामोनतेन, इंद्र ताइशाकुतेन आणि यम एन्मा. हातात तलवार आणि पाश घेतलेला उग्र फुदो म्योओ म्हणजे संस्कृतातील अचल. ही नावे आधी माहीत असली, तर मंदिरातील अंधाऱ्या गाभाऱ्यात पाहणाऱ्याला परकेपणा वाटत नाही. मात्र नाव एक असले तरी पूजाविधी, कथा आणि भाव बाराशे वर्षांत वेगळे झाले आहेत. ‘हे सगळे आमचेच’ असा सूर तेथे लावणे यजमानांना रुचणार नाही आणि ते खरेही नाही.

कागदपत्रे

पासपोर्टच्या कामासाठी मराठवाड्यातील माणसाला पूर्वी दूरच्या शहरात जावे लागे. टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि शहरालाही तिचा लाभ मिळाला. तरीही पोलीस पडताळणीसाठी लागणारा वेळ हाताशी ठेवावा. जन्मतारीख, आडनाव, लग्नानंतर बदललेले नाव यांत आधार, पॅन आणि पासपोर्ट यांच्यात तफावत असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. विमानाच्या तिकिटावरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे.

भारतीय नागरिकांना जपानसाठी व्हिसा लागतो. भारतात राहणाऱ्या पर्यटकांसाठी एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक व्हिसाची सोय झाली आहे. अर्ज मात्र नेमलेल्या केंद्रामार्फत करावा लागतो. प्रवासाचा दिवसवार आराखडा, बँकेचा तपशील, आयकर विवरणपत्र आणि मुक्कामाचे पत्ते यांची छाननी होते. येथे मित्रमंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गट एकत्र जाणार असला तरी प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो. आठ जणांपैकी सात जणांना व्हिसा मिळाला आणि एकाला नाकारला गेला, असे घडू शकते. अशा वेळी उरलेल्यांनी जायचे की नाही, त्या मित्राचे अडकलेले पैसे कोणी सोसायचे, हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवलेले बरे. नंतरच्या चर्चेत मैत्रीला तडा जातो. परत न मिळणारे विमान तिकीट व्हिसापूर्वी काढू नये.

पैसा आणि मैत्री

अनेक गट प्रवासासाठी भिशी लावतात. ही पद्धत चांगली आहे. परंतु भिशीची रक्कम आणि प्रवासाचा खर्च यांचा हिशेब वेगळा ठेवावा. गटात एक खजिनदार, एक कागदपत्रे सांभाळणारा, एक औषधे पाहणारा आणि एक मार्ग व वेळापत्रक पाहणारा अशी कामाची वाटणी असावी. रोजचा सामायिक खर्च त्याच रात्री लिहून काढावा. येनचा भाव बदलता असतो, त्यामुळे ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून ठेवलेला हिशेब कधीच जुळत नाही.

सहल कंपनीकडून पूर्ण सहल विकत घेतल्यास रकमेवर टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपावी. जपानमध्ये कार्ड चालते. तरी मंदिरातील मुक्काम, लहान दुकाने आणि दानपेटी यांसाठी रोख येन जवळ असावेत. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. दिलेली बक्षिसी परत करण्यासाठी दुकानदार मागे धावत येतो, असा अनुभव प्रवासी सांगतात.

देशभर फिरण्याचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये बराच महाग झाला. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. ओसाका, नारा आणि कोयासान एवढाच बेत असेल, तर या पासची गरज पडत नाही. शिवाय कोयासानला जाणारी गाडी नान्काई या खासगी कंपनीची असल्याने हा पास तेथे चालत नाही.

कधी जावे, कसे जावे

वसंतातील साकुरा फुलांचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. कोयासान उंचावर असल्याने तेथे तो उशिरा येतो. शरद ऋतूतील लाल-पिवळी पाने ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाहायला मिळतात. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते त्याच काळात, २९ एप्रिल ते ५ मेच्या सुमारास, जपानमध्येही सलग सुट्ट्या असतात. या ‘गोल्डन वीक’मध्ये गाड्या आणि मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात. हिवाळ्यात कोयासानला बर्फ पडतो. संभाजीनगरच्या थंडीसाठी घेतलेला स्वेटर तेथे पुरणार नाही.

रेल्वेने किंवा चिकलठाण्याहून विमानाने मुंबई अथवा दिल्ली गाठून पुढे जावे लागते. कोयासानसाठी ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ सोयीचा. समुद्रात भराव टाकून उभारलेला हा विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. ओसाकातील नाम्बा स्थानकावरून नान्काईची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते. या नावाचा अर्थ ‘स्वर्गलोकीचा पूल’. तेथून तीव्र चढाची केबल कार आणि नंतर बस. केबल कारच्या स्थानकापासून गावाकडे जाणाऱ्या बसच्या रस्त्याने पायी जाण्यास परवानगी नाही. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.

मंदिरातील मुक्काम

मंदिरातील मुक्कामाला शुकुबो म्हणतात. दर खोलीवर नव्हे, तर माणशी आकारला जातो आणि त्यात सहसा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी येते. संध्याकाळी पाचच्या आत पोहोचणे अपेक्षित असते, कारण जेवण साडेपाच-सहाला वाढले जाते. रात्री नऊला जेवणाऱ्या आणि अकरापर्यंत गप्पा मारणाऱ्या मराठी गटासाठी ही सर्वांत अवघड गोष्ट असते. खोल्यांमधील भिंती म्हणजे कागदी किंवा लाकडी सरकती दारे. एका खोलीतील हशा चौथ्या खोलीत ऐकू जातो. मधुमेही प्रवाशांनी औषधांच्या वेळा या जेवणाशी जुळवून घ्याव्यात आणि रात्रीसाठी कोरडा खाऊ जवळ ठेवावा.

पादत्राणे दारातच काढायची असतात. ही सवय आपल्याला नवी नाही. परंतु मोजे वारंवार सर्वांच्या नजरेस पडतात, म्हणून ते स्वच्छ आणि न फाटलेले असावेत. चटईच्या, म्हणजे तातामीच्या, खोलीत सपाताही चालत नाहीत. शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात आणि त्या घालूनच खोलीत परत येणे ही परदेशी प्रवाशांची ठरलेली चूक आहे. जमिनीवर बसण्यात आपल्या माणसाला अडचण नसते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र आरक्षणाच्या वेळीच कळवावे. अनेक मंदिरांत खुर्च्या ठेवलेल्या असतात.

खोलीत ठेवलेला युकाता हा सुती अंगरखा घालताना डावी बाजू उजवीवर घ्यावी. याच्या उलट फक्त मृतदेहाला नेसवतात. स्नानगृह सामायिक असते, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र. आधी बाहेर बसून साबणाने अंग पूर्ण धुवायचे आणि मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. हौदात कपडे घालून उतरत नाहीत. संकोच वाटत असेल, तर स्वतंत्र स्नानगृह असलेली खोली आधीच मागून घ्यावी. ती महाग पडते.

सकाळी सहाच्या सुमारास पूजा असते. काही मंदिरांत ‘गोमा’ होतो. हा शब्द संस्कृत ‘होम’ या शब्दाचेच रूप आहे. समिधा, अग्नी आणि मंत्र पाहून मराठी माणसाला घरच्या होमाची आठवण होईल. उपस्थित राहणे ऐच्छिक असते. मात्र गेल्यास शेवटपर्यंत बसावे आणि परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये.

ताटात काय असेल

मंदिरातील भोजनाला शोजिन ऱ्योरी म्हणतात. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. तिळापासून बनवलेला मऊ गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफू हे येथील खास पदार्थ. रस्सा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळिंब्यांचा असतो. चव अतिशय सौम्य असते. पहिल्या घासाला चटणीच्या पुडीकडे हात नेण्याआधी दोन घास तसेच खाऊन पाहावेत. कंदमुळे असल्याने जैन प्रवाशांनी आधी विचारून घ्यावे.

खरा धोका कोयासानच्या बाहेर आहे. सामान्य जपानी जेवणात दाशी नावाचा अर्क वापरतात आणि तो बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो. भाज्यांचे दिसणारे सूप, नूडल्स, भाजीवरचा रस या सर्वांत तो असू शकतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही’ असे जपानी लिपीत लिहिलेले कार्ड प्रत्येकाने जवळ ठेवावे.

काड्यांनी जेवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भातात काड्या उभ्या खोवून ठेवू नयेत. तसा भात मृताला ठेवतात. एकाच्या काड्यांमधून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये; दहनानंतर अस्थी वेचताना तसे करतात. पिंडदानाचे संकेत ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही.

ओकुनोइन : पाहण्याचे नव्हे, वागण्याचे ठिकाण

कोयासानचे हृदय म्हणजे ओकुनोइन. उंच सुरूसारख्या देवदार वृक्षांमधून सुमारे दोन किलोमीटरची वाट जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक स्मृतिशिला आहेत. हयातीत एकमेकांशी लढलेल्या सरदारघराण्यांची स्मारके येथे शेजारी शेजारी आहेत. वाळवी निर्मूलन करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळवीसाठी उभारलेले स्मारकही आहे.

वाटेच्या शेवटी कोबो दाइशींची समाधी. ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले असे इतिहास सांगतो. ते आजही ध्यानस्थ आहेत असे भक्त मानतात. दिवसातून दोनदा, सकाळी सहा आणि साडेदहा वाजता, भिक्षू त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. बाहेरच्या पर्यटकांना हा प्रकार विचित्र वाटतो. आळंदीची संजीवन समाधी आणि रोजचा नैवेद्य ज्यांच्या घरच्या बोलण्यात आहे, त्यांना तो लगेच उमगेल. समाधीपूर्वीचा गोब्योबाशी पूल ओलांडल्यावर छायाचित्रण, खाणेपिणे आणि मोठ्याने बोलणे बंद. टोपी काढून, पुलावर नमस्कार करून पुढे जावे. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारणारे आणि लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरणारे पर्यटक पाहून संभाजीनगरकरांना जे दुःख होते, ते आपण दुसऱ्याला द्यायचे नाही, एवढे भान पुरेसे आहे.

वाटेवरच्या पाच थरांच्या दगडी स्तूपांवरील अक्षरे जरूर पाहावीत. ती सिद्धम् लिपीतील आहेत. खालून वर अ, व, र, ह, ख ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे कोरलेली असतात. जपानी भिक्षू आजही ‘अ’ या अक्षरावर ध्यान करतात. मुळाक्षरांतील पहिले अक्षर इतक्या दूर पूजेत भेटते.

मिश्र गटांनी आणखी एक इतिहास जाणून घ्यावा. कोयासानवर स्त्रियांना शतकानुशतके प्रवेश नव्हता. सरकारने ही बंदी १८७२ मध्ये उठवली. सीमेवर स्त्रियांसाठी असलेले न्योनिन-दो हे प्रार्थनागृह अजून उभे आहे. परतीच्या वाटेवर नाराही जोडून घ्यावे. तेथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते.

औषधे, सामान, सुरक्षितता

जपानचे औषधविषयक नियम कडक आहेत. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधे बंदी अथवा मर्यादेच्या कक्षेत येऊ शकतात. डॉक्टरांकडून घटक तपासून घ्यावेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापेक्षा अधिक न्यायची असतील, तर आधी परवानगी काढावी लागते. इंग्रजीतील चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत असावे. ताजी फळे, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. वीज १०० व्होल्टची असून सॉकेट दोन चपट्या पिनांचे असते.

रस्त्यावर कचरापेट्या फारशा नसतात. प्रत्येकाने एक पिशवी जवळ ठेवावी. गाडीत फोनवर बोलत नाहीत. पासपोर्ट कायम जवळ बाळगणे पर्यटकांवर कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण मराठवाड्यात ताजी आहे. जपानमध्ये लहान धक्के नेहमीचे आहेत. धक्का जाणवल्यास धावत सुटण्याऐवजी टेबलाखाली डोके झाकून बसावे आणि यजमानांच्या सूचना ऐकाव्यात. प्रवास विम्याशिवाय कोणीही निघू नये.

कधी काय करावे

सहा महिने आधी : पासपोर्ट तपासणे, नावांतील तफावत दुरुस्त करणे, गटाचा खर्च आणि माघारीचे नियम लेखी ठरवणे.

चार महिने आधी : मंदिरातील मुक्कामाचे रद्द करता येणारे आरक्षण करणे, आहार, खुर्ची आणि स्नानगृहाची गरज कळवणे.

दोन महिने आधी : व्हिसाचा अर्ज, औषधांची तपासणी, वेरूळ, अजिंठा आणि औरंगाबाद लेण्यांची सहल.

पंधरा दिवस आधी : विमा, येन, जपानी भाषेतील आहारकार्ड, जपान सरकारच्या संकेतस्थळावर आगमन व सीमाशुल्काची माहिती भरणे.

आदल्या आठवड्यात : रात्री लवकर जेवून लवकर झोपण्याचा सराव. ही तयारी गटातील सर्वांनी करावी, कारण मंदिरातला दिवा एकाच वेळी सर्वांसाठी मालवला जातो.